ईराच्या वाढदिवसाच्या फलशलाका

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी कारल्याचा रस घेतला. साखर आटोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हा रस सुरू केला तेव्हा महिनाभर माझे तोंड वाकडे झालेले असायचे. आता तो पाण्यासारखा लागतो. यशोदा म्हणते, तुमची जीभ मेली. मी म्हणतो, शिस्त लागली.

आठ तारखेला आमची नात ईरा सहा वर्षांची होते. रविवार आहे, आणि आमच्या सूनबाईंना, म्हणजे यामिनीला, बँकेतून रविवारशिवाय सवड नसते, त्यामुळे पार्टी त्याच संध्याकाळी अंगणात ठरली. केक बाहेरचा, समोसे बाहेरचे. घरचे म्हणून काय, तर एका लांब काडीत द्राक्ष, चीजचा तुकडा, पुन्हा एखादे फळ, असे ओवून ठेवायचे. यामिनीने मोबाइलवर चित्र दाखवले. "सगळ्यात सोपं आहे बाबा, गॅससुद्धा पेटवायला नको. जाता-येता उचलायचं आणि खायचं."

मी म्हणालो, हे काम माझ्याकडे द्या.

यामिनीने मिहिरकडे, आमच्या मुलाकडे, पाहिले. मग मिहिर म्हणाला, "द्या ना, बाबांनाच द्या," आणि यशोदा तर इतकी खूश झाली की मला आश्चर्य वाटले. गेल्या महिन्यात मी तिचे मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले तेव्हापासून ती मला ओट्याजवळ उभे राहू देत नव्हती. आता म्हणाली, "करा ना, पण अंगणात बसून करजा. उजेड चांगला असते." जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म गेला, निवृत्त झालो तो मुख्याध्यापक म्हणून. नियोजन कशाशी खातात हे या घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे?

३० जानेवारी, शुक्रवार

पदार्थाला मराठी नाव असले पाहिजे. मी 'फलशलाका' असे सुचवले. मिहिरला ठसका लागला. ईरा मात्र दिवसभर 'फशलाका, फशलाका' म्हणत घरभर उड्या मारत होती. उरलेले एक अक्षर मी आठ तारखेपर्यंत बसवून घेईन.

आज कोणाकोणाला बोलवायचे ते ठरले. ईराने तिच्या वर्गातली पोरे सांगितली, शेजारचा पियुष सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "आणि बबनआबा."

बबन माझा धाकटा भाऊ. समुद्रपूरजवळ आमचे गाव, तिथली शेती तोच करतो. मिहिरच्या लग्नापासून त्याने आमच्या घरचे पाणीही घेतलेले नाही. वर्ध्याला येतो, कधी फाटकात उभा राहून दोन शब्द बोलतो, पाणी विचारले की "आत्ताच पेलो" म्हणतो आणि जातो. कारण ऐकले तर हसू येईल. लग्न लॉनवर होते, बुफे होता. सख्खा काका असून तो आणि त्याची पत्नी आनंदाबाई मंडपाच्या खांबाजवळ उभे राहिले, कोणी तरी येऊन 'चला जेवायले' म्हणेल याची वाट पाहत. मी व्याह्यांच्या मागेपुढे होतो. कोणी म्हटले नाही, तेव्हा दोघे न जेवताच गावी निघून गेले. आता मला सांगा, हजार माणसांत मी कोणाकोणाला हाताला धरून जेवायला बसवणार? आपले आपण घ्यायचे असते, म्हणूनच त्याला बुफे म्हणतात. यशोदा म्हणते, "आपल्यात पाहुणा दोनदा नाई म्हणते अन् घरच्यानं तिसऱ्यांदा वाढाचं असते. त्याले कोणी एकदाही इचारलं नाई." ती नेहमीच त्याची बाजू घेते.

पण ईराला बबन कसा माहीत? मी यशोदेला विचारले. "लेकरं आयकत राह्यतात घरात," म्हणाली आणि वरणाला फोडणी द्यायला गेली. वरण आज अप्रतिम होते. बाजारात हल्ली गावच्यासारखी तुरीची डाळ मिळायला लागली आहे.

येवो न येवो, मला काही फरक पडत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

ईराने आजीच्या फोनवरून बबनला आमंत्रण दिले. फोन तिनेच लावला, नंबर शोधावासुद्धा लागला नाही. हल्लीच्या मुलांना फोनमधले सगळे कळते. मी पेपर वाचत होतो, त्यामुळे मुद्दाम ऐकले नाही. ती म्हणाली, "आबा, येजो बरं का! वासराला पण आणजो!" मग बराच वेळ ऐकत राहिली आणि "पाहू म्हणाले" असे सांगून खेळायला पळाली.

वासरू कुठले? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यशोदा तिला समुद्रपूरला आपल्या मावसबहिणीकडे घेऊन गेली होती, तिथले असेल. तिथल्या आजोबांनी खांद्यावर बसवून बोरे तोडू दिली, असेही पोरगी सांगत होती. मावसबहिणीचे यजमान गुडघ्यांनी अधू आहेत. मुले काहीही रचून सांगतात.

'पाहू' म्हणजे नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

यामिनीने बाजारातून काड्यांचे पाकीट आणले. बांबूच्या बारीक काड्या, टोक सुईसारखे, आणि बोट फिरवले तर कूस लागते. सहा वर्षांच्या पोरांच्या हातात हे द्यायचे? मी पाकीट परत तिच्या हवाली केले आणि भिंतीपाशी विचार करत उभा राहिलो. वर पाहिले तर शेजारच्या अण्णाजींचा कडुलिंब. सरळ, लवचिक, निर्जंतुक. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तो तोंडात धरला आहे. लहानपणी बबन झाडावर चढायचा, मी खाली उभा राहून कोणती फांदी तोडायची ते सांगायचो. दोघे विहिरीच्या काठावर उकिडवे बसून दातून करायचो, आणि थुंकी कोणाची लांब जाते याची पैज लागायची. ती नेहमी तोच जिंकायचा. असो.

अण्णाजींना विचारून बऱ्याच फांद्या काढल्या. ते म्हणाले, "गुरुजी, कडू लागन ना!" मी त्यांना साल आणि गाभा यांतला फरक समजावून सांगितला. कडूपणा सालीत असतो, साल काढली की उरते ते निव्वळ लाकूड. ते गप्प बसले. पटले असावे.

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस काड्या सोलतो आहे. चाकूने साल काढायची, पॉलिश पेपरने घासायची, टोक बोथट पण फळात शिरेल इतके ठेवायचे. ईरा शाळेतून आली की शेजारी बसते आणि प्रत्येक काडी गालाला लावून गुळगुळीत झाली का ते सांगते. फार प्रामाणिक परीक्षक आहे, तीन-चार नापास केल्या. तिच्या केसांत सालीचे तुकडे अडकले होते, ते मी वेचून काढले, आणि तिने माझ्या मिशीतले. इतका आनंदाचा दुपारचा वेळ मला नोकरीत कधी मिळाला नाही.

एक काडी मी जिभेवर धरून खात्री करून घेतली. कडूपणाचे नाव नाही.

यशोदेने आज माळ्यावरच्या दोन गाद्या उन्हात घातल्या, वर नव्या चादरी धुऊन टाकल्या. कोण येणार आहे विचारले तर म्हणाली, "थंडी सरली, म्हणून काढल्या." थंडी सरल्यावर गाद्या ठेवतात की काढतात? पण बायकोशी वाद घालण्याचे माझे वय राहिले नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बबनचा फोन नाही. म्हणजे वाट पाहत होतो असे नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज ओवणी. यामिनी म्हणत होती, उद्या पाहुणे यायच्या आधी करू, ताजे राहील. मी आयत्या वेळच्या कामाच्या विरोधात आहे. आदल्या दिवशी सगळे तयार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की फळ आणि चीज एकमेकांत मुरते.

पेरू कडक हवा, संत्र्याची फोड ओवली की गळते आणि पपई सुटून खाली घसरते, हे मी प्रयोगाने शोधून काढले. शेवटी क्रम ठरला तो असा: तळाशी पेरू, मग चीज, मग काळे द्राक्ष, पुन्हा चीज, टोकावर हिरवे द्राक्ष. ईराने चीजच्या तुकड्यांचे चांदीचे कागद सोडवले आणि दर तिसरा-चौथा तुकडा तोंडात टाकत राहिली. यशोदेने एक चाखला. "साबणावानी लागते बापा," म्हणाली, तरी दुसरा घेतला.

संध्याकाळी यामिनीने विचारले, "बाबा, थोड्या त्या बाजारच्या काड्यांवर पण करून ठेवू का? कमी पडायला नको." मी म्हटले कर, पण कमी पडणार नाहीत. ती माझ्या ताटातली एक उचलून आत गेली होती. परत आली तेव्हा पाण्याचा मोठा ग्लास पीत होती. दिवसभर काम करून पोरगी थकते. मी तिला लवकर झोपायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, काही तरी बोलणार होती, मग नुसतीच हसली आणि म्हणाली, "बाबा, काड्या खूप सुंदर झाल्या आहेत." सून मिळावी तर अशी.

मीसुद्धा एखादी चाखली असती, पण द्राक्षांवर यशोदेची नजर असते.

८ फेब्रुवारी, रविवार

पार्टी झाली. क्रमाने लिहितो.

अंगणात टेबल मांडले होते. एका ताटात माझ्या फलशलाका, दुसऱ्यात यामिनीच्या. तिच्या काड्यांना तिने रंगीत कागदाच्या झालरी लावल्या होत्या. मुले झालरींना भुलतात, त्यामुळे ते ताट आधी रिकामे झाले. माझ्याकडे मोठ्यांचा ओढा होता. अण्णाजींनी एक घेतली, पहिला घास घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. बऱ्याच जणांनी एकेक घास खाऊन उरलेली हातात धरून ठेवली. घरी न्यायची असेल. पियुषने आपली गल्लीतल्या कुत्र्याला दिली, त्याने हुंगून सोडली. कुत्र्यांना फळे आवडत नाहीत. जास्वंदीच्या कुंडीत पाच-सहा काड्या फळांसकट रोवलेल्या दिसल्या. लहान मुलांची बागकामाची हौस.

हे सगळे मी पाहत होतो ते एका डोळ्याने. दुसरा फाटकाकडे होता, हे आज लिहायला हरकत नाही.

केक कापून झाला. अर्धे पाहुणे गेले. आणि मग बबन आला. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी, मागे आनंदाबाई. फाटकाशी चपलांच्या ढिगाजवळ दोघे थांबले. ईरा "आबा!" करून अशी धावली आणि त्याच्या खांद्यावर अशी चढली की जणू रोजचे आहे. मला पोरीचे कौतुक वाटले, पहिल्याच भेटीत किती लळा. त्याच्या पिशवीतून बोरे निघाली, आणि डाळीची एक पुरचुंडी निघाली. यशोदेने ती माझ्याकडे न पाहता आत नेली.

मिहिर म्हणाला, "काका, या ना, घ्या तिकडून, लाजू नका." आणि टेबलाकडे हात केला.

"हो हो, घेतो," बबन म्हणाला, आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसला. हात मांडीवर. आनंदाबाई शेजारी बसल्या, पदर सावरून. टेबल दहा पावलांवर असेल. तो उठला नाही. यामिनी येऊन म्हणाली, "काकाजी, काही तरी घ्या ना," तेव्हाही तो "घेतो, घेतो" म्हणाला. तेवढ्यात तिला कोणी हाक मारली.

मी पाहत होतो. तो सात वर्षांपूर्वीच्या मंडपात कसा उभा असेल ते मला काल कोणी सांगितले असते तर मी वाद घातला असता. आता तो समोर बसला होता आणि अंगणातल्या प्रत्येकाकडे पाहून हसत होता. आणखी पाच मिनिटांत तो उठेल, 'चलतो दादा, बस आहे' म्हणेल, आणि मग मी जन्मभर फाटकातून बोलत राहीन, हे मला अगदी स्पष्ट दिसले. माझ्या छातीत धडधडू लागले. साखरेचे असेल.

टेबलावर समोसे संपले होते. झालरीचे ताट रिकामे. माझ्या मात्र पुष्कळ उरल्या होत्या. मी ते ताट उचलले आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"घे."

"नाई दादा, जेवून निघालो."

"घे म्हणतो ना."

"पोट भरलं आहे, खरंच."

मग मी एक काडी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "मी केल्या बबन, माह्या हातानं. माह्या गळ्याची शपथ."

त्याने माझ्याकडे पाहिले. काडी तोंडाशी नेली. द्राक्ष खाल्ले, चीज खाल्ले, पेरू खाल्ला, शेवटपर्यंत खाल्ली. मी दुसरी दिली. तीही खाल्ली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला पाहवेना, मी बोरांकडे पाहू लागलो. तिसरी, चौथी. आनंदाबाईंनाही दिली, पण त्यांनी एक घास घेतला आणि "मले दात दुखते जी" म्हणून ठेवून दिली. बबन मात्र नाही म्हणाला नाही. "अजून एक?" म्हटले तर हात पुढे करत होता.

"पाणी दे, वयनी," तो शेवटी म्हणाला. यशोदेने तांब्या आणला. आमच्या घरचे पाणी त्याने घटाघटा प्यायले, एक तांब्या, मग दुसरा. यशोदा पदराने डोळे पुसत होती.

बस केव्हाच गेली होती. दोघे राहिले आहेत. गाद्या कामाला आल्या. योगायोग.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जरा उशिरा उठलो. रस घ्यायला गेलो तर बाहेर नळापाशी बबन उकिडवा बसलेला, तोंडात माझी उरलेली एक काडी. टोक चावून चावून त्याचा छान कुंचा केला होता.

"अरे, ते फळाचं आहे," मी म्हणालो.

"कडुलिंबाची होय ना, दादा?" तो म्हणाला. "असं घासूनघुसून गुळगुळीत केलेलं दातून पयल्यांदाच पाह्यलं. मस्त आहे."

मी म्हणालो, कडुलिंबाची आहे पण साल काढली आहे, त्यामुळे कडू नाही. बबन इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"कडू नाई? दादा, जहर होती जहर! पेरू कडू, द्राक्ष कडू, तो साबण तर पुसूच नोको."

मला खरे वाटेना. तेवढ्यात ईरा दारात आली. तिला विचारले, "कडू होत्या का गं?" तिने आधी आजीकडे पाहिले, मग मान हलवली. "खूप. पण आईनं सांगितलं होतं, आजोबांना सांगायचं नाही. तुम्ही किती दिवस केल्या ना!" आणि येऊन माझ्या पायाला मिठी मारली. म्हणजे तिला माहीत होते. यामिनीला माहीत होते. अण्णाजींना तर गेल्या सोमवारपासूनच माहीत होते. ती कुंडी, ते कुत्रे. मला काल जे जे दिसले ते सगळे पुन्हा आठवू लागले, आणि बबनच्या डोळ्यांतल्या पाण्याशी येऊन मी अडकलो.

"मंग तू बोलला काऊन नाई?" मी त्याला विचारले. "एक नाई, दोन नाई, पाच-सहा खाल्ल्या तू!"

त्याने चूळ भरली. काडी धुतली, नळाच्या कठड्यावर ठेवली.

"तू ताट घेऊन उभा होता ना दादा," तो म्हणाला. "तू सोता घे घे म्हणून राह्यला होता. मी नाई कसा म्हणू?"

मी एक काडी उचलली आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. गुडघे करकरले. काडी चावली, चांगली खोलवर चावली, आणि मग मलाही कळले. कडू होती. दोन वर्षांनी मला काही तरी कडू लागले.

आम्ही दोघांनी दातून केले. थुंकी अजूनही त्याचीच लांब जाते.

आतून यशोदेची हाक आली, "पोहे झाले, या!" बबन तोंड पुसत म्हणाला, "नाई वयनी, भूक नाई मले." तिने पुन्हा हाक मारली, तो पुन्हा म्हणाला, "खरंच नाई, रातचंच जेवण आहे पोटात."

मी उठलो. त्याला हाताला धरले, आत नेले, पाटावर बसवले. यशोदेच्या हातून मी डाव घेतला, तिनेही दिला. पोहे वाढले. तो "बस, बस" म्हणाला. मी आणखी वाढले.